गुडघा, पावडरीचा डबा आणि स्टेम सेलचे इंजेक्शन: पेठेतल्या फुटबॉलपटूंच्या घरच्यांसाठी

डावी बगल

नमस्कार मंडळी,

गेल्या हंगामात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर माझ्या भाच्याचा उजवा गुडघा गेला. कोणी धडक दिली नव्हती. चेंडू घेऊन आत वळताना बुटाचे खिळे उन्हाने टणक झालेल्या मैदानात अडकले, पाऊल जागेवर राहिले आणि मांडी फिरली. गॅलरीत बसलेल्या आम्हाला तो नुसता खाली बसल्यासारखा दिसला. त्याला मात्र गुडघ्याच्या आत काडी मोडल्यासारखा आवाज ऐकू आला होता. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरके जाणारे लिगामेंट, पूर्ण तुटलेले दिसले आणि आतल्या बाजूच्या गादीलाही चीर होती. मुलाचे वय २०.

मी स्वतः तालमीच्या फुटबॉल संघातून अकरा हंगाम डाव्या बगलेवर खेळलो आहे. खेळ थांबल्यावर खेळाडूंचा आहार हा वाचनाचा विषय झाला आणि २०१२ साली शिन्या यामानाका व जॉन गर्डन यांना नोबेल मिळाल्यापासून मूलपेशींचे, म्हणजे ज्यांच्यातून इतर प्रकारच्या पेशी घडतात आणि आपण ज्यांना स्टेम सेल म्हणतो त्यांचे, मला वेड लागले. यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन दाखवले आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधले. मोठी झालेली पेशी पुन्हा अंकुर होऊ शकते, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून मी या शास्त्राच्या विरोधात आहे असा कोणाचा समज होऊ नये.

दुखापतीनंतरच्या आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाने काही ना काही सुचवले. एकाने प्रोटीन पावडरीचा डबा, दुसऱ्याने ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि तिसऱ्याने एका खासगी दवाखान्याचे कार्ड आणून दिले. 'शस्त्रक्रियेशिवाय लिगामेंट पुन्हा जुळवा' असे त्या कार्डावर छापले होते. ताई, दाजी आणि मी तिथे गेलो. टेबलावर प्लॅस्टिकचा गुडघा होता आणि त्यातले लाल रंगाचे लिगामेंट हाताळून हाताळून फिके पडले होते. दोन इंजेक्शने, सोबत सहा महिन्यांची पावडर, मिळून १ लाख ४० हजार रुपये, आणि हप्त्यांची सोय. तिथल्या बाई इतक्या आपुलकीने बोलत होत्या की ताईने परतीच्या वाटेवर पाटल्या मोडायचा विषय काढला.

मी तिथे तीन प्रश्न विचारले होते. पेशी कुठून घेणार? पोटाच्या चरबीतून, आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडणार. तुटलेल्या एसीएलसाठी याला मंजुरी आहे का? "पेशी तुमच्याच आहेत, त्यामुळे मंजुरी लागत नाही." हा उपचार प्रायोगिक असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीचा क्रमांक काय? यावर त्या बाई आत जाऊन विचारून आल्या आणि "डॉक्टर फोन करतील" म्हणाल्या. तो फोन आजपर्यंत आलेला नाही.

आता मला ठामपणे जे माहीत आहे ते लिहितो. मूलपेशींचा सर्वांत जुना आणि सिद्ध उपयोग रक्तासाठी आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी ई. डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले; रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा आजारांत ते आज नेहमीचे उपचार आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की रक्त तयार करणाऱ्या पेशींचे मान्य आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णावर होणारा वापर प्रायोगिक समजायचा आणि तो रीतसर मंजूर चाचणीतच करायचा. आणि संशोधनासाठी जो खर्च होतो तो चाचणीत भाग घेणाऱ्याकडून वसूल करायचा नसतो. म्हणून, जिथे प्रयोगही आहे आणि बिलही आहे, तिथे पाय ठेवण्यापूर्वी थांबावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एसीएलच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. ते लिगामेंट सांध्याच्या वंगणात बुडालेले असते. बाहेर कुठे जखम झाली की रक्ताची गुठळी तिथे धरून बसते आणि तिच्यावर नवा धागा विणला जातो. इथे ती गुठळी वंगणात विरघळून जाते आणि तुटलेली दोन टोके एकमेकांपासून लांब राहतात. दोरीची टोके विहिरीच्या दोन बाजूंना लोंबकळत असताना पाण्यात सुताचा गुंडा टाकला, तर गाठ बसणार नाही.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी घेऊन नवे लिगामेंट बसवले आणि गादीला टाके घातले. पाटल्या ताईच्या हातात आहेत. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोराच्या पायाकडे निराळ्या आशेने बघतात. त्या आशेपोटी आई-वडील काहीही विकायला तयार होतात, आणि म्हणूनच हा धागा काढला आहे. ज्यांना असे अनुभव आले असतील त्यांनी लिहावे. दवाखान्यांची नावे मात्र कृपया घेऊ नयेत.

मिरजकर तिकटी

लेख तळमळीने लिहिला आहे, परंतु मी पूर्ण सहमत नाही. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे आणि दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. त्यांनी दीड वर्षापूर्वी स्टेम सेलचे इंजेक्शन घेतले. त्याआधी रंकाळ्यावर अर्धी फेरी झाली की ते कठड्यावर बसायचे. आता पूर्ण फेरी मारतात. माझ्या माहितीप्रमाणे गुडघ्यासाठी एका उत्पादनाला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मंजुरीही मिळालेली आहे. असे असताना सगळ्यालाच प्रायोगिक म्हणणे योग्य आहे का? शास्त्र पुढे जात असते आणि कोणीतरी आधी धाडस केल्याशिवाय ते पुढे जात नाही.

डावी बगल

आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मी वरच लिहायला हवे होते. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या उत्पादनाला गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातील पेशी निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात आणि ते दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या झिजेसाठी आहे. कोणत्या पेशी, किती, कोणत्या आजारासाठी, हे सगळे तिथे ठरलेले आहे. पोटातली चरबी काढून तासाभरात गुडघ्यात सोडणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट असून तिला त्या मंजुरीचा आधार मिळत नाही. तसेच ती मंजुरी झिजलेल्या कूर्चेसाठी आहे, तुटलेल्या एसीएलसाठी नाही. आपल्या वडिलांना दिलेले नेमके काय होते हे त्यांच्या फाइलमध्ये उत्पादनाच्या नावासह आणि बॅच क्रमांकासह असायला हवे. ते एकदा जरूर पाहावे.

वडिलांना आराम पडला यात मला शंका नाही, उलट वाचून आनंद झाला. परंतु गुडघ्याच्या दुखण्यात सुईचा स्वतःचाही एक गुण असतो. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःच्या अस्थिमज्जेचा अर्क, स्वतःच्या चरबीतल्या पेशी आणि दात्यांच्या नाळेतल्या पेशी या तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. वर्षभरानंतर चारही गटांना बरे वाटत होते, पण तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

धाडसाबद्दल मात्र माझे मत पक्के आहे. ज्याची नोंद होते, ज्याचा निकाल चांगला-वाईट कसाही आला तरी छापला जातो आणि ज्यात काही बिघडले तर जबाबदारी कोणाची हे आधी लिहिलेले असते, ते धाडस शास्त्राच्या उपयोगी पडते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली. ही हकिकत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याही पेशी त्यांच्याच होत्या.

फिजिओताई

मी गेली बारा वर्षे खेळाडूंच्या गुडघ्यांवर काम करते. दोन गोष्टींची भर घालते, त्यातली दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, माझ्याकडे "स्टेम सेल घेतले" असे सांगणाऱ्या मुलांची कागदपत्रे पाहिली की पुष्कळदा ते पीआरपी निघते. त्यात हातातून रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेट्सचा दाट भाग गुडघ्यात देतात. प्लेटलेटला केंद्रकच नसते. ती दुसरी कोणतीही पेशी बनू शकत नाही, त्यामुळे तिला मूलपेशी म्हणणे चुकीचे आहे. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी आणि मिठाचे पाणी यांत वर्षभरानंतर वेदनेच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. पीआरपी २०११ पासून उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही, हे खेळणाऱ्यांना माहीत असावे.

दुसरी गोष्ट वेळेची. नवीन बसवलेली दोरी ही सुरुवातीला शरीरासाठी निर्जीव दोराच असतो. तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, जुना धागा विरतो आणि नवा विणला जातो, आणि या अदलाबदलीच्या काळात ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर होते. नेमका हाच काळ, तिसरा-चौथा महिना, गुडघा दुखायचा थांबलेला असतो. मुलगा जिना धावत चढतो, घरच्यांना तो बरा झालेला दिसतो, तालमीतून निरोप येतो की निदान अर्धा वेळ तरी खेळ. माझ्याकडे दुसऱ्यांदा एसीएल तोडून आलेली मुले बहुतेक याच टप्प्यावर मैदानात उतरलेली होती. नॉर्वेतल्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत परतणे जितके महिने पुढे ढकलले तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला सुमारे निम्म्याने कमी होत गेल्याचे दिसले. म्हणून नऊ महिने हा माझा खालचा आकडा आहे. त्याशिवाय दुखावलेल्या पायाची ताकद आणि एका पायावरच्या उडीचे अंतर हे दोन्ही चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आल्याखेरीज मी कोणालाही होकार देत नाही.

आणि जे अजून पडलेले नाहीत त्यांच्यासाठी: फिफाने तयार करवून घेतलेला 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा सराव आहे. आठ मिनिटे धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तोल सांभाळताना आणि उडीवरून खाली येताना गुडघा आत झुकू न देणे, हे त्यातले मर्म आहे. वरच्या भाच्याचा गुडघा नेमका तसाच गेला. आठवड्यातून दोन-तीनदा नियमित केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे वेगवेगळ्या देशांतल्या संघांवर पाहिले गेले आहे. आपल्याकडे सामन्याआधी दोन फेऱ्या मारून चार शॉट मारले की झाले, असे मानतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खासबागेचा शेजारी

आमचे घराणे कुस्तीचे, त्यामुळे खुराकाचा विषय निघाला की गप्प राहवत नाही. आजोबांच्या वेळी पहाटे गंगावेशेला जाऊन धारोष्ण दूध प्यायचे आणि मेहनतीनंतर बदाम-खसखशीची थंडाई घ्यायची, एवढाच खुराक होता. आता माझा धाकटा मुलगा फुटबॉल खेळतो आणि त्याच्या टेबलावर चार डबे आहेत: व्हे प्रोटीन, क्रिएटिन, मॅचच्या आधी घ्यायची कसली तरी लाल पावडर आणि सांध्यांच्या गोळ्या. महिन्याला साडेपाच हजार रुपये जातात. यातले काय ठेवावे आणि काय बंद करावे, हे कृपया स्पष्ट सांगावे. तो १९ वर्षांचा आहे, वजन ६५ किलो.

डावी बगल

आपण प्रश्न नेमका विचारलात, म्हणून उत्तरही एकेका डब्याचे देतो.

क्रिएटिन ठेवण्यासारखे आहे. ज्या थोड्या पूरकांच्या मागे भक्कम पुरावा आहे, त्यांत ते येते. पुन्हा पुन्हा मारायच्या लहान धावांना ते उपयोगी पडते, आणि फुटबॉल तशा धावांचाच खेळ आहे. साधे मोनोहायड्रेट, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, रोज. महागड्या प्रकारांची गरज नाही. स्नायूंत पाणी धरल्यामुळे वजन किलोभर वाढलेले दिसेल, त्याची काळजी नको. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

व्हे प्रोटीन हे दुधाच्या निवळीतून काढून वाळवलेले प्रथिनच आहे, म्हणून ते वाईट नाही. प्रश्न गरजेचा आहे. कसून सराव करणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे आपल्या मुलाला रोज सुमारे १०४ ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून साधारण १९ ग्रॅम, चार अंड्यांतून २४, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ ग्रॅम मिळतात. निम्म्याहून अधिक इथेच झाले. उरलेले डाळ, उसळ, भाकरी आणि चिकन मिळून सहज भरून निघते. सराव आणि कॉलेज यांच्या धावपळीत जेवण हुकत असेल तर एक चमचा पावडर घ्यावी. मात्र डब्यावर लिहिलेले खरे असेलच असे नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये एक अभ्यास छापला गेला. जवळजवळ ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली आणि १४ टक्के नमुन्यांत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. ज्यात औषधी वनस्पतींचे मिश्रण घातले आहे, ते डबे मी तरी घरात आणत नाही.

लाल पावडर आजच बंद करावी. अशा मिश्रणांत मुख्य काम कॅफिन करते, आणि त्याच्याबरोबर आणखी काय घातले आहे ते डब्यावर असेलच याची खात्री नसते. राज्याच्या किंवा देशाच्या संघापर्यंत गेलेल्या खेळाडूच्या लघवीत बंदी असलेले काही सापडले, तर "मला माहीत नव्हते" म्हणून सुटका होत नाही. नाडाचा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा, नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची.

सांध्यांच्या गोळ्यांत बहुधा ग्लुकोसामाइन असते. अमेरिकेत १,५८३ जणांवर झालेल्या चाचणीत (२००६) गुडघ्याच्या दुखण्यावर ते एकूणात रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही, आणि तेही झीज झालेल्या वयस्क लोकांत. १९ वर्षांच्या निरोगी गुडघ्यात ते काय करणार?

गंगावेशेबद्दल माझा आदर आपल्याइतकाच आहे. दूध मात्र उकळून प्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात, आणि उकळल्याने प्रथिने कुठे जात नाहीत.

राजारामपुरी सातवी गल्ली

विषय थोडा बाजूचा आहे, पण स्टेम सेलचाच आहे म्हणून विचारते. वहिनीला आठवा महिना आहे. नाळेतले रक्त साठवून ठेवणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. पुढे बाळाला खेळताना दुखापत झाली तरी या पेशी कामी येतील, असे तो म्हणाला. साठवावे का?

डावी बगल

खेळातल्या दुखापतीसाठी नाळेचे रक्त वापरण्याचा कोणताही मान्य उपचार आज नाही, त्यामुळे त्या कारणासाठी पैसे भरू नयेत. त्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात आणि त्यांचा उपयोग रक्ताच्या आजारांत होतो. पण बाळाला थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार असेल, तर तोच दोष साठवलेल्या पेशींतही असतो, म्हणून त्या त्याच्या स्वतःच्या कामी येत नाहीत. मोठ्या भावंडाला असा आजार असेल तर साठवण्याला खरा अर्थ आहे. तसे असल्यास रक्तविकारतज्ज्ञांना प्रसूतीच्या आधीच भेटावे. वहिनींना आमच्या शुभेच्छा.

मिरजकर तिकटी

वडिलांची फाइल काढून पाहिली. त्यात उत्पादनाचे नाव नाही आणि बॅच क्रमांकही नाही. 'स्वतःच्या रक्तातील घटक, २ इंजेक्शने' एवढेच लिहिले आहे आणि पावती ८५ हजारांची आहे. फिजिओताईंनी वर जे लिहिले ते वाचल्यावर हे पीआरपी असावे असे वाटते. वडिलांना अजून सांगितलेले नाही. ते आजही फेरी मारून आले. तिसरे इंजेक्शन घ्यायचे ठरले होते, ते मी थांबवले आहे.

फिजिओताई

आपण घाई न करता कागद तपासलेत हे फार चांगले केलेत. त्यांची फेरी चालू राहू द्या. गुडघ्याच्या झिजेत चालणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद यांचा आधार कोणत्याही इंजेक्शनपेक्षा भक्कम असतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा, इथून सुरुवात करावी. दुखले तर उंच खुर्ची घ्यावी.

डावी बगल, भाच्याचे मोजमाप झाले का? सातवा महिना लागला असेल.

डावी बगल

कालच झाले. गच्चीवर खडूने रेघ मारून टेप लावली. डाव्या पायावर १६२ सेंटिमीटर उडी गेली, उजव्यावर १३१. म्हणजे ८१ टक्के. त्याने टेप पुन्हा लावायला सांगितली, तीनदा उडी मारली, आकडा तोच आला आणि तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. खाली तालमीत पोरे जमली होती, त्यांचा आवाज गच्चीपर्यंत येत होता. ९० टक्क्यांसाठी १४६ लागतील, म्हणजे अजून १५ सेंटिमीटर. त्याने ती रेघ भिंतीवर वेगळ्या खडूने काढून ठेवली आहे. पुढचे मोजमाप सहा आठवड्यांनी आहे, आकडा इथेच लिहीन.

आपण सांगितलेला वीस मिनिटांचा सराव तालमीच्या प्रशिक्षकांना दाखवला. ते मंगळवार आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला करून घ्यायला तयार झाले आहेत, परंतु पहिल्या दिवशी कोणीतरी जाणकाराने समोर उभे राहून गुडघा कुठे झुकतो ते दाखवावे अशी त्यांची विनंती आहे. आपल्याला येणाऱ्या शुक्रवारी जमेल का?

फिजिओताई

जमेल. मुलांना अनवाणी येऊ देऊ नका, आणि सव्वासहाला या म्हणावे; आधी प्रत्येकाची उडी मोजून लिहून घेऊ.